सतरा खुर्च्या, नेमणारा एकच

नमस्कार. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला मी ‘बाबूंचा अड्डा’ म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. कायद्याने अधिकारी जास्तीत जास्त पाचच असतात, असं तुम्ही दाखवून दिलंत. बरोबर आहे, तो शब्द मागे घेतो. हे मंडळ ज्या कायद्याने बनतं, त्या 1974 च्या जल अधिनियमाचं कलम 4 पुन्हा काढून वाचलं. अध्यक्ष, पाचपर्यंत अधिकारी, पाचपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, शेती-मासेमारी-उद्योग वगैरेंचे तीनपर्यंत अशासकीय प्रतिनिधी, सरकारी कंपन्यांचे दोन आणि पूर्णवेळ सदस्य सचिव. फार तर सतरा.

पण माझा मुद्दा डोकी मोजण्याचा नव्हता. या सतराही जणांना नेमतं राज्य सरकारच. मच्छीमारांचा प्रतिनिधी मच्छीमार निवडत नाहीत आणि नगरसेवकांचा नगरसेवक निवडत नाहीत. शिवाय ‘पाचपर्यंत’ म्हणजे पाच हवेतच असं नाही. जागा रिकामी राहिली म्हणून मंडळाचा निर्णय बाद होत नाही, असं कलम 11 सांगतं. मग जागा भरायची घाई कोणाला असणार?

स्थानिक संस्थांच्या जागांचंच बघा. नगरसेवकपद गेलं की मंडळावरची जागाही जाते. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. इतर अनेक शहरांतही तेच झालं. जिथे नगरसेवकच उरले नव्हते, तिथून सदस्य आणणार होते कुठून? नाल्यांचं सांडपाणी मात्र थांबलं नाही.

आता तुमचा दुसरा आक्षेप. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीच्या न्यायाधिकरणाने, राज्यांच्या मंडळांवरच्या नेमणुकांचा फेरविचार करायला सांगितलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: ‘सर्वोच्च न्यायालयाने हरित लवादाचा आदेशच रद्द केला, म्हणजे नेमणुका ठीकच होत्या.’ हे मला मान्य नाही. सप्टेंबर 2017 चा तो निकाल लवादाच्या अधिकारकक्षेपुरता होता. त्याच निकालात न्यायालयाने राज्यांना नेमणुकीचे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. सगळं ठीक असतं तर हे कशाला सांगितलं असतं?

लोकनियुक्त सरकारने नेमलं तर बिघडलं काय, असंही तुम्ही विचारता. नेमू दे की! फक्त अध्यक्षाला पर्यावरण रक्षणाचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा, नाहीतर त्या विषयातल्या संस्था चालवण्याचं ज्ञान आणि अनुभव हवा, ही अट कायद्यातच आहे. तो अनुभव कोणी आणि कशावरून तपासला, ते जाहीर व्हावं, एवढंच मागणं. 2024 च्या दुरुस्तीने अध्यक्षाच्या नेमणुकीची पद्धत ठरवायचा अधिकार केंद्राला दिला. म्हणजे ती दुरुस्ती जिथे लागू, तिथे दोर राज्याऐवजी दिल्लीतून ओढला जाणार. त्याचं मला फारसं कौतुक नाही.

बैठकांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. तीन महिन्यांतून किमान एक बैठक झालीच पाहिजे. पुरेशा कारणाशिवाय सलग तीन बैठका चुकवल्या तर जागा जाते. तेव्हा माहिती अधिकारात गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागवा आणि आधी हजेरी बघा. मीही अर्ज टाकतोय. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर पुन्हा भांडू.