मला नको, तुझ्यातलाच एक दे

मला एक अख्खं सँडविच खायचं आहे. दागिने, परदेशवारी असलं काही मी मागत नाही. दोन ब्रेड, मध्ये उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा, हिरवी चटणी आणि बाहेरून कुरकुरीत भाजलेलं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत फक्त माझं. ज्यांच्या घरी हे सहज घडतं त्यांनी पुढे वाचण्यात वेळ घालवू नये, गरम आहे तोवर खाऊन घ्यावं.

सँडविच निघालं तेच मुळी एकट्याच्या सोयीसाठी. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन माँटेग्यू नावाचे एक उमराव होते, सँडविचचे चौथे अर्ल. पत्त्यांचा डाव सोडून जेवायला उठणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्यांनी पावाच्या दोन कापांत मांस घालून आणायला सांगितलं, अशी गोष्ट आहे. काही अभ्यासक म्हणतात, पत्ते नव्हे, कचेरीचं काम. ते त्यांचं ते बघून घेतील. माझा जीव अडकलाय त्या गोष्टीच्या पुढच्या भागात. टेबलावरच्या इतर मंडळींनी ते पाहिलं आणि म्हणे फर्मावलं, ‘सँडविचला दिलंत तेच आम्हालाही आणा.’ आम्हालाही आणा! एकानंही हात लांब करून ‘मला नको रे, तुझ्यातलाच एक दे’ म्हटलं नाही. अशा सभ्य समाजातच खाण्याच्या पदार्थाला माणसाचं नाव मिळतं. अर्लसाहेब आमच्या घरी जन्मले असते तर उपाशीपोटी पत्ते पिसत बसले असते.

आम्ही राहतो ठाण्यात. स्टेशनकडून घरी येताना एक सँडविचवाला लागतो आणि संध्याकाळच्या गर्दीत तो एकटाच माणूस शांतपणे काम करताना दिसतो. आधी ब्रेडच्या कोपऱ्यांपर्यंत बटर. हे काही लाड म्हणून नाही. बटरचा थर असला की चटणीचं आणि काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. घरी आम्ही बटर वाचवतो आणि मग डब्यातलं सँडविच मधल्या सुट्टीपर्यंत का गळपटतं याच्यावर चर्चा करतो. मग चटणी, मग बटाट्याचे इतके पातळ काप की सुरीचं कौतुक करावं की हाताचं कळत नाही. वर चिमूटभर सँडविच मसाला. मग ते सगळं लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबायचं, बाहेर डोकावणाऱ्या कडा छाटायच्या आणि शेगडीवर उलटसुलट भाजायचं. बाहेर काढून वरून पुन्हा बटर. इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललेलं असतं.

मग तो सुरी घेतो आणि सहा तुकडे करतो. इथे घात होतो. अख्ख्या सँडविचमध्ये कुणी वाटा मागत नाही, मागणाऱ्यालाही थोडी लाज वाटते. तुकडे केले की ती वस्तू प्रसाद होते. एकात काय जातंय? शिवाय सहा म्हणजे किती सोयीची संख्या. दोघांत, तिघांत, सहांत कशीही वाटा, बाकी शून्य. पाच तुकडे करणारा सँडविचवाला मला भेटला तर मी त्याचं दुकान सोडून जाणार नाही.

त्यातही सगळे तुकडे सारखे नसतात. चार कोपऱ्यांचे, दोन मधले. कोपऱ्यांच्या वाट्याला टोस्टरच्या कडेनं चेपलेला ब्रेडच जास्त येतो. बटाटा आणि बीट दाटीवाटीनं असतं ते मधल्या दोघांत. मी पार्सल घेऊन घरी येते, नवरा सोफ्यावरून मान न वळवता म्हणतो, “मला नको, आत्ताच चहा झालाय.” मी हातपाय धुऊन येईपर्यंत पुडक्यात चार कोपरे समोरासमोर बसलेले असतात. मधे नुसती शेव. नवऱ्याचं म्हणणं, “अगं, फक्त दोनच तर घेतले.” फक्त दोनच! पोळीतला फक्त पदर सुटलेला भाग आणि आंब्यातला फक्त गरच तर घेतला!

यावर उपाय म्हणून मी तिथेच उभी राहून खायला लागले. पुरुष माणूस गाडीपाशी एकटा उभा राहून खात असला तर त्याला भूक लागलेली असते. बाई एकटी खात असली तर काहीतरी झालेलं असतं. आमच्या सोसायटीतल्या एक काकू भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. “अय्या, एकटीच? घरी सगळं ठीक आहे ना?” आता ठीक आहे हे सिद्ध कसं करायचं? मी प्लेट पुढे केली. “नको गं बाई, माझा आज उपास आहे,” म्हणाल्या. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तेवढ्यात त्यांनी मागे वळून हाक मारली, “चिंटू, ये, बघ मावशी काय देतेय!” चिंटूनं मधला तुकडा बरोबर ओळखला. असली नजर उपजतच असावी लागते.

सँडविच नशिबात नाही तर निदान सार तरी. पावसाची झड लागली, अंग मोडून आलं की मला टोमॅटोचं सार हवं असतं. आईकडचं. उकडलेल्या टोमॅटोचा गाळलेला रस, नारळाचं दूध, गुळाचा खडा, तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी आणि कढीपत्ता. नारळाचं दूध घातल्यावर ते खळखळ उकळू द्यायचं नाही, फुटतं. त्यामुळे करणारीला पातेल्यापाशी ढवळत उभं राहावं लागतं. आणि ती उभी आहे म्हटल्यावर घरातला प्रत्येक जण वाटी घेऊन ‘जरा चव बघायला’ येतो. मीठ बरोबर आहे हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलं आहे की तेवढ्यात एक पातेलं संपावं. पाहुणे आले तर बघायलाच नको. सँडविचला निदान सहाची मर्यादा आहे. सारात पाणी किती घालायचं याला नाही. सगळ्यांचं झाल्यावर मी बसते तेव्हा वाटीत गुलाबी पाणी आणि कढीपत्त्याचं एक पान असतं. होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या मुरलेल्या कटाच्या आमटीबद्दल तर मी बोलतच नाही. ती डब्यातून नवऱ्याच्या ऑफिसात जाते आणि तिथले लोक मला ‘वहिनी’ म्हणून भरभरून निरोप पाठवतात.

पण वाटणीचा खरा कारखाना म्हणजे हॉटेलातलं सूप. ‘वन बाय टू’ ही सोय ज्या कुणी काढली त्यानं माझ्याशी वैर धरलं होतं. नणंद आली की आम्ही सात जण जेवायला बाहेर पडतो. अण्णा, म्हणजे माझे सासरे, बसल्या बसल्या जाहीर करतात, “मला सूप नको. गरम पाण्याचे पैसे देतात होय?” राहिले सहा. सहा भागिले दोन तीन, वेटर खूश. पण माणसं अशी भागली जात नाहीत. नवऱ्याला आणि चिरंजीवांना मंचाव लागतं. (मांचुरियात कुणी मंचाव पीत असेल यावर माझा विश्वास नाही, ते आपल्याकडच्याच चायनीज हॉटेलांचं बाळ आहे.) सासूबाई आणि नणंद टोमॅटोवाल्या. उरली लेक, तिला स्वीट कॉर्न. आणि उरले मी. मला टोमॅटो हवं असतं, पण तिथली जोडी जमलेली असते, म्हणून मी स्वीट कॉर्नच्या अर्ध्यात. भागाकार बिनचूक व्हावा म्हणून मी मक्याचे दाणे मोजत बसते.

बरं, वाट्या वेगळ्या म्हणून कुणी आपापल्या वाटीत राहतं असंही नाही. चमचे फिरतात. “तुझं कसंय बघू.” मंचाववरच्या तळलेल्या नूडल्स टोमॅटोत पडतात, टोमॅटोतला क्रीमचा गोल माझ्याकडे येतो. दहा मिनिटांनी लेक तक्रार करते, “आई, हे आधी घट्ट होतं, आता पाणी झालंय.” अगं, होणारच. सुपाला दाटपणा कॉर्नफ्लोअरमुळे येतो, म्हणजे स्टार्चमुळे, आणि आपल्या लाळेत अमायलेज असतं, ते स्टार्च फोडतं. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत गेला की सूप पातळ होत जातं. हे मी एकदा टेबलावर समजावून सांगितलं. नणंदेनं चमचा खाली ठेवला आणि सासूबाई म्हणाल्या, “जेवताना काय घाणेरडं बोलतेस गं?” चमचे मात्र फिरायचे थांबले नाहीत.

मागच्या खेपेला मी ठरवूनच गेले होते. वेटरनं वही काढली तशी सगळ्यांच्या आधी म्हणाले, “एक क्रीम ऑफ टोमॅटो. फुल. माझ्यासाठी.”

टेबल गप्प झालं. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. नवऱ्यानं मेन्यूत उजवीकडचा रकाना पाहिला. लेक म्हणाली, “मग माझ्या अर्ध्याचं काय?” वेटर लिहिता लिहिता म्हणाला, “टोमॅटो वन बाय टू.”

“वन बाय टू नाही. फुल.”

“हो हो, मॅडम. फुल.”

सूप आलं. वाफाळतं, केशरी, वर क्रीम, तळलेल्या ब्रेडचे चौकोनी तुकडे. दोन वाट्यांत! हाताची सवय, त्या पोराचा तरी काय दोष. एक वाटी त्यानं माझ्यापुढे ठेवली, दुसरी हातात धरून माझा जोडीदार शोधू लागला.

“आण इकडे,” अण्णा म्हणाले. “आता आलंच आहे तर वाया कशाला घालवायचं?”

त्यांनी वर मिरपूड मारली, फुंकर घातली, वाटी तिरकी करून शेवटचा थेंबसुद्धा चमच्यात घेतला. नॅपकिननं मिशा पुसल्या.

“आंबटच आहे जरा. मला तसंही नकोच होतं.” मग माझ्या वाटीत डोकावून म्हणाले, “ते ब्रेडचे तुकडे तू खात नाहीस ना?”