मेडिकबद्दल कोण लिहितंय हो

परदेशात ड्युटीवर असताना जीव गमावलेल्या एका तरुण मेडिकवरचा, म्हंजी जखमींवर उपचार करणाऱ्या फौजीवरचा, लेख वाचला, बरं झालं कुणीतरी लिहिलं. आमच्या साताऱ्याकडं फौजेचं काय नवल नाही, फौजींचं गाव अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहितीय, पण मेडिकला फौजेत नर्सिंग असिस्टंट म्हणतात, ते नाव ऐकलं की लोक म्हणणार, म्हंजी कंपाउंडरच ना! अरे, गोळीबारात बाकीचे आडोसा शोधतात आणि हा बॅग घेऊन जखमीकडं पळतो, आधी रक्त थांबवायचं, पट्टी करकचून आवळायची, मग स्ट्रेचर. कोरियाच्या युद्धात भारतानं १९५० ला लढायला पलटण नाही, ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स ही जखमींवर उपचार करणारी तुकडी पाठवली होती, त्यातल्याही काहींचा जीव तिकडंच गेला, शाळेत कधी ऐकलं का कुणी? आणि त्या पोराच्या घरी आता गर्दी असेल, नंतर पेन्शनच्या कागदांसाठी आईबापासोबत जायला कुणी नसतं, तेवढं बघा गाववाल्यांनो.