कार्बन डेटिंग करून सड्यावरचा विषय संपत नाही

रत्नागिरी-राजापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कोरलेल्या कातळशिल्पांच्या अभ्यासासाठी पुरातत्त्ववाले, भूगर्भवाले, वनस्पतिशास्त्राचे लोक आणि इतिहास-मराठीचे प्राध्यापक एकत्र येतात, हे लिहिणाऱ्याला खटकलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दगडाचं वय मशीन सांगतं, ते एकदाचं काढा नि मोकळे व्हा, इतिहासवाल्यांची जुनी कागदपत्रं आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, दोन शाखांची सरमिसळ केली की दोन्ही कच्च्या राहतात, आणि हा सगळा अनुदान लाटण्याचा धंदा आहे. मेसेज चुरचुरीत लिहिलाय, त्यामुळे पुढे ढकलणारेही भरपूर. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्यही आहे. त्याकडे येऊच.

आधी मशीन. कशाचं वय काढायचं, ते ठरवा. आपला जांभा ज्या काळ्या दगडापासून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातली सिलिका पावसाने धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, वरचा थर टणक झाला. त्या थरावर कधीतरी कुणीतरी हत्ती कोरला. दगडाचं वय काढून हत्तीचं वय कसं कळणार? कार्बन डेटिंग चालतं ते एके काळी जिवंत असलेल्या वस्तूवर: लाकूड, कोळसा, हाड, शिंपला. तेही साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत. दगडात कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो.

मग रेषेच्या खाचेत साठलेला कोळसा घ्या, असं कुणी म्हणेल. घ्या की! पण तो कोळसा आला कुठून? सड्यावर वणवे लागतात. उन्हाळ्यात भाजावळ करताना राख-निखारे उडतात. गुरं राखणारी पोरं शेकोटी पेटवतात. खाचेतल्या कोळशाची तारीख अचूक निघेल आणि ती गेल्या शिमग्याची असेल.

दुसरी पद्धत मातीतल्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजते. उघड्या सड्यावर तिचा उपयोग बेताचाच, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस खाचा धुऊन काढतो. काही शिल्पं मातीखाली गाडलेली सापडतात, तिथे ती लावता येते. पण त्यातून कळतं ते माती कधी पडली, एवढंच. शिल्प त्याहून जुनं. किती जुनं, ते नाही. आणि ती माती पावसाने वाहत आणली, की कुणाच्या पणजोबांनी कलमं लावायला डोक्यावरून वाहून टाकली? आपल्याकडे कातळावर माती टाकून बागा उठवल्यात, हे काय कोकणातल्या माणसाला सांगायला हवं? याचं उत्तर यंत्रात नाही. ते जुन्या फेरफारात आहे, सातबाऱ्यावर आहे, त्या वाडीतल्या ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आजीकडे आहे. नमुना कुठून उचलायचा हे ठरवण्याआधी तिच्याशी बोलणारा माणूस लागतो, आणि त्याला बोलतं करण्याची विद्या यावी लागते.

म्हणून शिल्पांच्या काळाबद्दल आज जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं कोरलंय काय, यावरून येतं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या खाचा दिसतात; वरून ड्रोनने पाहावं तेव्हा तो उभा राहतो. त्याच्या अंगात आणि आजूबाजूला इतर प्राणीही कोरलेत. आधी हत्ती की आधी ते? कुठली रेष कुठल्या रेषेला कापून जाते, खाचेची खोली आणि झीज सारखी आहे का, हे मावळतीच्या तिरप्या उन्हात बसून पाहावं लागतं. त्याला चित्रं वाचणारी नजर लागते, आणि जांभा कसा झिजतो हे जाणणाराही शेजारी लागतो.

काही ठिकाणी गेंडाही आहे. कोकणात गेंडा? इतिहासकाळात तर नाही. पण गुजरातेत लांघणज इथे हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे यांनी १९४०च्या दशकात सुरू केलेल्या उत्खननात गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालं. म्हणजे मध्याश्मयुगात, शेती रुजण्याआधीच्या शिकारीच्या काळात, पश्चिम भारतात गेंडा वावरत होता. सांकलिया पुरातत्त्ववाले, कर्वे मानवशास्त्रवाल्या, आणि गेंड्याचं हाड ओळखायला प्राणिशास्त्र हवंच. मेसेजवाल्याच्या हिशेबाने ही सरमिसळच झाली.

राजापूर तालुक्यातल्याच देवाचे गोठणे इथली गोष्ट उलट बाजूने बोलकी आहे. तिथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. हे खरं आहे आणि मोजता येतं. लोहयुक्त दगडात, विशेषतः वीज पडलेल्या जागी, असं जोरदार चुंबकत्व राहू शकतं. पण नुसता हा आकडा हाती घेऊन ‘आपल्या पूर्वजांना चुंबकशास्त्र अवगत होतं’ असे व्हिडिओ निघालेत. कोरणाऱ्याकडे सुई होती का, नसेल तर त्याला ही जागा वेगळी कशावरून वाटली, हा प्रश्न इतिहासवाला विचारतो. मोजणी बिनचूक असूनही तिच्यावर भलताच इमला उभा राहू शकतो.

‘जुनी कागदपत्रं आणि आठवणी म्हणजे पुरावा नव्हे.’ कातळशिल्पं एवढ्या संख्येने उजेडात आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांना विचारून. तेव्हा कुठे २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण कागदपत्रांचं मोल पाहायचं तर दापोली तालुक्यातल्या केळशीला जावं लागेल.

भारजा नदीच्या मुखाशी तिथे वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या कापलेल्या कडेला वाळूत अडकलेली खापरं, हाडं, कोळसा आणि शिंपल्यांचे तुकडे दिसतात. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. वाऱ्याने साठलेल्या वाळूत असला जड माल येत नाही. मग आणला कुणी? इथे पोर्तुगीज बखरकार कामाला येतात. १५२४च्या सप्टेंबरात वास्को द गामाचा ताफा दाभोळच्या आसपास असताना समुद्र असा हादरला, की जहाजं खडकावर आदळली असं वाटून खलाशांची गाळण उडाली. गामाने म्हणे त्यांना सांगितलं, घाबरू नका, समुद्रच आपल्याला भिऊन थरथरतोय. बढाईचा भाग सोडा, पण समुद्राखालच्या भूकंपाचं वर्णन म्हणून ते नीट बसतं. भूकंपशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळशीच्या थरांचं कालमापन केलं, लाटांचं संगणकावर गणित मांडलं आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्सुनामी, आणि बहुधा याच घटनेची.

वादळाची लाट की त्सुनामी, यावर कुणी अजून वाद घालू शकेल, घालावाही. पण बखर नसती तर तो थर ‘केव्हातरी आलेलं मोठं पाणी’ एवढाच राहिला असता, आणि थर नसता तर बखरीतली हकिगत खलाशांची थाप म्हणून सोडून दिली गेली असती. १९४५च्या नोव्हेंबरात मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. आपल्या किनाऱ्याला त्सुनामीचा धोका किती, हे आज कुणाला सांगायचं असेल तर पाचशे वर्षांपूर्वीची पोर्तुगीज वाचणारा माणूस हवा. प्रयोगशाळेत तो मिळत नाही.

सरमिसळीने दोन्ही कच्चं राहतं, या मुद्द्याला एक माणूस पुरेसा आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातल्या कोसबेनचा, १९०७चा. वडील पालीचे पंडित, मुलगा गणिती. १९४४ साली त्याने आनुवंशशास्त्राला दिलेलं सूत्र आजही कोसंबींच्या नावाने वापरतात. याच माणसाने तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, प्राचीन नाणी तराजूत घातली. तर्क असा की नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणून जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होतं आणि वजनांतली तफावत वाढते. तो आजच्या चलनाला लागू पडतो का, हे पाहायला त्यांनी चालू नाणीही तोलली. नाण्यांवरच्या छापांवर वाद घालत बसलेल्या शास्त्राला त्यांनी मोजपट्टी दिली. गणित कच्चं राहिलं नाही, इतिहास तर नाहीच नाही. प्रत्येकजण कोसंबी नसतो, हे मान्य. म्हणूनच तर एका डोक्यात न मावणारं काम चौघांत वाटून घ्यायचं.

आता अनुदानाचं. इथे मेसेजवाला अगदीच चुकलेला नाही. प्रस्तावात ‘आंतरविद्याशाखीय’ लिहिलं की गुण वाढतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात इतिहासाच्या एखाद्या मॅडमचं नाव घुसडायचं, त्यांच्या वाट्याला ‘जनजागृती’ आणि उद्घाटनाचं सूत्रसंचालन द्यायचं, असे प्रकल्प होतात. उलटही होतं: परिसंवादाला एक भूगर्भवाला बोलावला, त्याची स्लाइड दाखवली, झालं विज्ञान. अशांना झोडपा, मी सोबत आहे. पण त्यासाठी पाहायचं ते वेगळं. नमुने उचलायच्या दिवशी सड्यावर कोण कोण होतं? प्रश्न कुणी ठरवले? पैशातला किती वाटा मुलाखतींना नि दप्तरं धुंडाळायला, आणि किती यंत्राच्या भाड्याला? सरकारी पैशावरच्या प्रकल्पाची ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. शुल्क दहा रुपये. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी असा अर्ज टाकणार असेल, तर दहा रुपये माझे.