नेटला लागलेली सर्व्हिस ‘लेट’ नसते

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तीनदा एकच मेसेज फिरला: ‘बॅडमिंटनचे पाच नियम, सगळ्यांनी पाळा’. सीवूड्स, घणसोलीच्या मित्रांकडेही तो पोचलाय. पाचातले चार नियम चुकीचे आहेत आणि पाचवा अर्धवट. एरवी मी सोडून दिलं असतं, पण शनिवारी त्यापायी एका मुलीचा हक्काचा पॉइंट गेला.

बारा वर्षांची पोर, मोठ्यांच्या डबल्समध्ये पहिल्यांदाच उतरलेली. तिने शॉर्ट सर्व्हिस टाकली. फूल (शटलकॉक) नेटच्या पांढऱ्या पट्टीला घासलं आणि पलीकडे सर्व्हिस लाईनच्या जेमतेम दोन बोटं आत पडलं. समोरचे काका जागचे हललेही नाहीत.

“लेट! परत टाक.”

“काका, आत पडलंय ना?”

“नेटला लागलं की लेट. ग्रुपवर वाचलं नाहीस का?”

तिने परत टाकली. या वेळी फूल उंच गेलं आणि काकांनी ते खाली ठोकलं.

मेसेजमधला पहिला नियम हाच: ‘सर्व्हिस नेटला लागली तर पुन्हा घ्यावी’. हा नियम टेनिसचा आहे, टेबल टेनिसचाही आहे, बॅडमिंटनचा नाही. इथे फूल नेटला घासून समोरच्या तिरप्या चौकोनात पडलं तर सर्व्हिस बरोबर, खेळ चालू. उचललं नाही तर पॉइंट गेला. लेट, म्हणजे पुन्हा खेळायचं, ते कधी? समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली तर. किंवा सर्व्हिस परत आल्यावर, रॅली चालू असताना फूल नेटच्या माथ्यावर अडकून बसलं तर. आणि सर्व्हिसचंच फूल तसं अडकलं तर तो सरळ फॉल्ट, म्हणजे पॉइंट समोरच्याला. बहुधा या अडकण्यावरूनच लोकांची गल्लत होते.

दुसरा: ‘डबल्समध्ये जोडीतल्या दोघांनाही सर्व्हिस मिळते’. ज्यांनी नव्वदच्या दशकात खेळायला सुरुवात केली त्यांचं हे बोलणं मला समजतं, तेव्हा तसंच होतं. पण २००६ मध्ये पद्धत बदलली. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट आणि जोडीला सर्व्हिसची एकच पाळी, रॅली हरेपर्यंत. कोण कुठून करणार, हे स्वतःच्या जोडीचा स्कोअर सांगतो: सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. समजा तुम्ही ६-४ ने पुढे आहात आणि उजवीकडून सर्व्हिस करताय. रॅली जिंकलात तर ७-४, तुम्हीच आता डावीकडून करायची. ती रॅली हरलात तर ७-५ आणि सर्व्हिस त्यांची. पाच विषम, म्हणून त्यांच्यातला जो डावीकडे उभा आहे तो करणार. सर्व्हिस हातात असताना पॉइंट मिळाला तरच जोडीने जागा बदलायची. बाकी कुणी हलायचं नाही. एवढं लक्षात ठेवलं तर आपल्याकडची निम्मी भांडणं मिटतील.

तिसरा नियम म्हणतो, रॅकेट नेटच्या पलीकडे गेली की फॉल्ट. हेही खरं नाही. फूल तुमच्या बाजूला असताना मारलं आणि त्या झोकात रॅकेट नेटवरून पुढे गेली तर चालतं. पलीकडे जाऊन मारायचं नाही आणि खेळ चालू असताना नेटला ना रॅकेट लागू द्यायची ना अंग.

चौथा, ‘फ्रेमला लागलेला शॉट धरू नये’. धरायचा. जाळीला लागो वा फ्रेमला, एकाच फटक्यात गेला तर शॉट बरोबर.

पाचवा कमरेचा. ‘सर्व्हिस कमरेच्या खालूनच’ हे पूर्वीच्या नियमात होतं, आणि तिथेही कंबर म्हणजे पँटचा पट्टा नव्हे, तर सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ठरावीक उंची आली: मारताना अख्खं फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं, खेळाडू बुटका असो की उंच. नेटचा खांब असतो १.५५ मीटरचा, म्हणजे खांबाच्या टोकापासून बरोबर ४० सेंटीमीटर खाली. आम्ही रविवारी टेपने मोजून दोन्ही खांबांवर तिथे लाल चिकटपट्टी लावली. टेपचं वरचं टोक त्या मुलीने धरलं होतं, खालचं काकांनी.