वजनाची भिशी

वजन कमी करायचं तर सपोर्ट हवा असं जो तो सांगतो. आता आमच्या घरी सपोर्टचा काय तुटवडा नाही हो! नवरा म्हणतो तू आहेस तशीच मस्त आहेस, आणि बटाटेवड्याची पुडी पुढे करतो. सासूबाईंना मी जेवताना दुसरी पोळी नको म्हटलं की आधी माझ्या माहेरच्या माणसांची काळजी वाटते, "उद्या त्यांना वाटेल आम्ही उपाशी ठेवतो". लेक तर नुसताच हसतो. एवढा सपोर्ट असताना काटा हलायचं नाव घेईना.

मग एकदा वाचनात आलं की न्यूयॉर्कच्या क्वीन्समधे जीन नायडेच म्हणून एक गृहिणी होती, तिने १९६१ साली आपल्यासारख्याच गुबगुबीत मैत्रिणी घरी बोलावून सरळ सांगून टाकलं की बायांनो मी लपूनछपून कुकीज खाते, मग त्याही बोलायला लागल्या, दर आठवड्याला भेटायला लागल्या आणि त्यातून १९६३ मधे वेट वॉचर्स ही कंपनीच उभी राहिली. म्हटलं मैत्रिणी काय आपल्याकडेपण आहेत की, भिशीच्या!

दादरला आमच्या बिल्डिंगची भिशी आहे. मी प्रस्ताव टाकला, चिठ्ठी काढायची बंद, महिन्याभरात जिचं वजन सगळ्यात जास्त उतरेल तिला भिशी. तब्येतीसाठी म्हणून सांगितलं असतं तर कोणी हललं नसतं पण पैशाचं म्हटल्यावर सावंत वहिनी दुसऱ्या दिवशी पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारताना दिसल्या, त्याही ट्रॅक पँट घालून.

पहिली भांडणं काट्यावरून. प्रत्येकीच्या घरचा काटा वेगळं बोलतो म्हणून शेवटी रद्दीवाल्याचा मोठा काटा मागवला. तो बिचारा जिन्यात पाठ करून उभा राहायचा आणि आत एकेक बाई बांगड्या, कानातले, केसातला चाप असं काय काय काढून टीपॉयवर ठेवत होती. लेले काकूंनी चष्मा काढला. मग त्यांना आकडाच दिसेना, तो आम्ही वाचून दाखवला तर म्हणे तुम्ही मुद्दाम वाढवून सांगता.

वहिनींची मुलगी फिजिओथेरपीला आहे, ती म्हणाली काकू काट्यापेक्षा टेपने कंबर मोजा, आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सांभाळायला हवं. खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. टेप एकमताने नामंजूर.

आणि भिशी म्हटली की खायला नको? इथे दोन पार्ट्या पडल्या. डॉ. दीक्षितांचं डाएट करणाऱ्या दीक्षितवाल्या दोनदाच जेवणार, तेही ५५ मिनिटांत, आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकणाऱ्या दिवेकरवाल्या साजूक तूप घालून आजीच्या हातचं वाटेल असं सगळं खाणार. भिशी चार वाजता, म्हणजे दीक्षितवाल्या तोंडाला काही लावणार नाहीत, मी उगाच खूष होते. तर त्यांनी रात्रीच्या जेवणात खाऊ म्हणून डबे आणले होते! दादरच्या प्रकाश हॉटेलातून साबुदाणा वडे आणि पियुष मागवलेलं, दिवेकरवाल्यांच्या प्लेटी भरायच्या आत अर्धे वडे डब्यात गेले. मी कुठल्याच पार्टीत नाही. त्यामुळे मी प्लेटमधे पण घेतले आणि डब्यात पण.

भिशी लागणाऱ्या बाईची ट्रिक लवकरच फुटली. दोनतीन दिवस आधी भात-पोळी-साखर बंद करायची. शरीरात साठवलेल्या साखरेच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते निघून जातं आणि काटा झपकन खाली येतो. खरी चरबी एक किलो जायची तर साधारण ७७०० कॅलरीचा हिशोब लागतो, तो दोन दिवसात कुठला जमायला! पण काट्याला पाणी काय नि चरबी काय. तिने पैसे घेतले, मोजले, पर्समधे टाकले आणि तिथेच श्रीखंडाची वाटी पुढे ओढली.

एका महिन्यात तर व्हायरलने आडव्या झालेल्या बाईला भिशी लागली. तापाने उतरलेलं वजन धरायचं का यावर अर्धा तास चर्चा झाली, शेवटी धरायचं ठरलं कारण औषधांचं बिल तिने बरोबर आणलं होतं. (बाकी तेव्हापासून कोणी शिंकलं की आम्ही संशयाने बघतो.)

यातली खरी गोम मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. भिशी एकीला एकदाच. म्हणजे जिला लागली ती सुटली, ती पुढच्या वेळेपासून समोर बसून वडे खाते आणि उरलेल्यांना "हो हो, जमेल गं, फक्त मनावर घे" असा सपोर्ट देते. असे महिने गेले, सुटलेल्या वाढत गेल्या, काट्यावर चढणाऱ्या कमी होत गेल्या आणि शेवटी उरलो मी आणि लेले काकू. मागच्या वेळी दोघींचंही वाढलेलं निघालं. काकूंचं माझ्यापेक्षा जरा कमी वाढलं होतं म्हणून त्यांना दिली.

आता राहिली शेवटची, ती आपोआप माझी, वजन काही का असेना. रद्दीवाल्याला यायची गरज नाही असं कळवून झालंय. सावंत वहिनींचा सकाळीच मेसेज आला, पुरणपोळी करणार की बाहेरून मागवणार.