आवळा देऊन ग्लाइडबेट

बास हा मासा फार चोखंदळ आहे असं कुणी म्हणणार नाही. तो बेडूक गिळतो, बदकाचं पिल्लू गिळतो, स्वतःच्या जातीची पोरं गिळतो आणि भूक नसली तरी, समोरून गेलं एवढ्याच कारणावरून, कशावरही तोंड टाकतो. अशा माशासाठी कोणतं रील, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायची चकरी, घ्यावं हा प्रश्न पाच मिनिटांत सुटायला हवा. पण मूळचा रत्नागिरीचा आणि आता सॅन होजेत कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरणारा माझ्यासारखा माणूस तो हातात घेतो, तेव्हा सुटत नाही. घराचं कर्ज मी एका दुपारी ठरवलं. रीलचा गिअर रेशो अजून ठरायचाय.

गिअर रेशो म्हणजे हँडलचा एक फेरा मारला की आतला स्पूल (दोरीचं रीळ) किती वेळा फिरतो तो आकडा. जड ल्युर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, ओढायचं तर ५.८ च्या आसपासचं रील बरं, मनगट सुटून येत नाही. ग्लाइडबेटची गोष्ट वेगळी. तो दोन तुकड्यांचा, मधे एकच सांधा असलेला नकली मासा. पाण्यातून डावी-उजवीकडे झोकांड्या खात येतो. मधेच झटका देऊन सैल पडलेली दोरी पटकन गुंडाळायची, तर सातच्या वरचा रेशो हवा. म्हणजे रीलं दोन झाली. रीलं दोन म्हटल्यावर रॉडही दोन आले. आणि रॉड रिकामा ठेवणं काही बरं दिसत नाही, म्हणून ल्युरं. नालेसाठी घोडा घेणाऱ्याला लोक नावं ठेवतात, पण त्याचा निदान घोडा तरी एकच होता.

त्यात डाव्या-उजव्याचा घोळ. मी उजव्या हाताने फेकतो. रीलचं हँडल डावीकडे असेल तर रॉड होता त्याच हातात राहतो आणि डाव्याने गुंडाळायचं, सरळ काम. तरीही अमेरिकेतल्या जुन्याजाणत्या मंडळींना उजवीकडचंच हँडल लागतं. उजव्याने फेकतात, ल्युर हवेत असतानाच रॉड डाव्या हातात घेतात आणि मग उजव्याने गुंडाळतात. का, विचारलं तर म्हणतात, वडील असंच करायचे. (अशा उत्तरापुढे आपण मराठी माणसांनी काय बोलावं!) परिणाम इतकाच की बाजारात एखादं देखणं, परवडणारं, जपानी बनावटीचं रील दिसलं की ते हमखास उजवं निघतं. शिमानोचं कॅलकटा कॉन्क्वेस्ट मी असंच काचेआड बघून परत ठेवलं. नाव आपलं, हँडल त्यांचं.

रॉडचं दुःख लांबीचं आहे. मोठी ल्युरं फेकायचा रॉड आठ फुटांच्या आतबाहेर असतो, त्यावर ‘२ ते ८ औंस’ असं काहीतरी छापलेलं असतं आणि तो बहुतेक वेळा एकसंध असतो. दोन तुकड्यांचे मिळतात, पण ते विकत घेणाऱ्याकडे लोक दयेने बघतात. एकसंध रॉड आमच्या सेडानमध्ये डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत तिरपा जातो आणि त्याचं टोक मागे बसणाऱ्याच्या कानाशी येऊन थांबतं. मागे कोण बसतं ते पुढे येईलच.

या सगळ्या खर्चाचं मूळ ट्राउट नावाच्या दुसऱ्याच माशात आहे. १९५९ साली सॅन दिएगोजवळच्या अप्पर ओटाय तलावात फ्लोरिडातले बास आणून सोडले. ही जात मुळातच अंगाने थोराड. पुढे तिची पिलावळ दक्षिण कॅलिफोर्नियाच्या तलावांत पसरली. त्याच तलावांत थंडीत सरकार ट्रक भरभरून रेनबो ट्राउट सोडतं. हेतू असा की करदात्यांनी सहकुटुंब येऊन चार ट्राउट पकडावेत. पण ट्रकचं दार उघडलं की पंगतीला पहिला बसतो बास. टाकीत दाणे खाऊन वाढलेला ट्राउट, त्याला शत्रू कशाशी खातात ठाऊक नाही. अशा खुराकावर बास डुकरासारखे माजले. मग कुणीतरी विचार केला, हा एवढा मासा गिळतो तर आपण बोटभर आमिष का लावायचं? कुणी लाकडाचा ट्राउट कोरला, कुणी रबराचा ओतला, आणि माझ्या क्रेडिट कार्डाचे ग्रह फिरले.

खरी गंमत पुढे आहे. बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरीचा, २ जून १९३२, जॉर्जियातलं माँटगोमेरी लेक, २२ पौंड ४ औंस. दोघा मित्रांत मिळून एकच ल्युर होतं असं सांगतात. पेरीने मासा तोलला, घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ ला, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याहून औंसभर जास्त वजनाचा मासा काढला. आधीचा विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, त्यामुळे आता दोघांचीही नावं पाटीवर आहेत. कुरिताने लावला होता जिवंत ब्लूगिल, म्हणजे खराच छोटा मासा. कॅलिफोर्नियाच्या कॅस्टेइक तलावात १९९१ साली बॉब क्रुपीने २२ पौंडांचा धरला, तो नदीतल्या झिंग्यावर. माझ्याकडे आहे त्यातलं काहीही या तिघांपैकी एकाकडेही नव्हतं. हे बायकोला अजून माहीत नाही.

आता देवघेवीकडे येतो, कारण मासेमारीचा बराचसा वेळ त्यातच जातो. नवं घ्यायची ऐपत संपली की माणूस अदलाबदलीकडे वळतो, आणि इथे मला आमच्या दारात बसणारी बोहारीण रोज आठवते. ती जरीची साडी उलगडून उजेडात धरायची, नेमकी फाटलेली जागा शोधायची, ‘जर खोटी हाय ताई’ म्हणून घडी परत टाकायची आणि आपण घमेल्याकडे बोट दाखवलं की हातात चहाची गाळणी द्यायची. ‘वर एक प्यांट घाला, मग बघू.’ इथले दाढीवाले, टोपीवाले, पिकअपवाले सगळे याच गादीचे वारस. तुम्ही ल्युरचा फोटो पाठवला की ते बोटांनी तो मोठा करतात आणि पोटाखालचा रंग बघतात. ल्युरला टांगलेले तिहेरी गळ हलताना अंगाला घासून अर्धगोल ओरखडे पाडतात. हे ओरखडे दिसले की भाव पडतो. बासच्या दातांच्या खुणा असतील तर आणखी पडतो. म्हणजे ल्युरने मासा पकडला, हा त्याचा दोष. याउलट ‘डब्याबाहेर काढलेलंच नाही’ अशा मालाला दुप्पट मान. आणि प्रत्येक जाहिरातीत ते एक वाक्य: ‘फक्त दोनदा पाण्यात गेलंय.’ कॅलिफोर्नियात तिसऱ्यांदा पाण्यात गेलेलं ल्युर मी अजून विकायला आलेलं पाहिलेलं नाही.

सौदा टपालाने असेल तर आधी कोणी पाठवायचं यावर काथ्याकूट. रिवाज असा की ज्याचे पूर्वीचे सौदे कमी, त्याने आधी पाठवायचं. म्हणजे मी. मग समोरच्याचा ट्रॅकिंग नंबर येईपर्यंत गळाला आपण लागलोय की तो, कळत नाही.

अशाच एका सौद्यातून माझ्याकडे आठ इंची रबरी ट्राउट आला. हडलस्टन बनावटीचा. यांना बुडण्याच्या वेगाचा नंबर असतो, ५ नंबरचा म्हणजे दहा सेकंदांत पाच फूट. अंग असं हुबेहूब की पाठीवरचे ठिपके मोजावेत. पण पहिल्या मालकाने तो साच्याच्या डब्यातून काढून पेटीत कोंबला होता आणि शेपूट पुरीसारखी वळली होती. शेपूट वाकडी म्हणजे मासा पाण्यात कलंडतो. उपाय सोपा: शेपूट कढत पाण्यात धरायची, सरळ झाली की गार पाण्यात बुडवायची. मी गॅसवर पातेलं ठेवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. मिरकरवाड्याच्या बंदरावर चाळीस वर्षं मासळी निवडलेली बाई. मी परत आलो तर त्यांनी ट्राउट हातात घेऊन कल्ला वर करायचा प्रयत्न चालवला होता.

“कल्ले तांबडे आहेत,” त्या म्हणाल्या. मग अंगठ्याने पाठ दाबली. “खळगा राहत नाही. म्हणजे ताजा आहे. पण वास हा कसला?”

“आई, तो प्लास्टिकचा आहे,” बायको आतून म्हणाली.

“केवढ्याला?”

मी डॉलरमध्ये सांगितलं. त्यांनी मनात गुणाकार केला. त्यांचा गुणाकार चुकत नाही.

“आणि याने खरा मासा मिळतो?”

“मिळतो कधीकधी.”

“मग त्याचं काय करता?”

“सोडून देतो.”

सासूबाईंनी ट्राउट ओट्यावर ठेवला, गॅस बंद केला आणि पातेल्यावर झाकण घातलं. ते पातेलं आता माझं आहे. स्वयंपाकघरात त्याला परत घेत नाहीत.

पुढच्याच शनिवारी त्यांना लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात जायचं होतं. मी लगेच तयार झालो. माझ्या भक्तीचं कारण असं की डेल व्हॅलेचा तलाव तिथून जवळ, आणि तिथे बोट घेऊन निघालेला एक पिकअपवाला वाटेत एका कॉफीच्या दुकानाबाहेर ग्लाइडबेट घेऊन थांबणार होता. त्याला माझं उजव्या हँडलचं मोठं रील हवं होतं (तेही अदलाबदलीतच गळ्यात पडलेलं), वर चाळीस डॉलर. मी तयार होतो. आवळा देऊन कोहळा काढतोय असंच मला वाटत होतं, आणि बहुधा त्यालाही.

दर्शन झालं. कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये पोहोचलो. सासूबाई कानाशी आलेलं रॉडचं टोक बाजूला सारून, पाय मोकळे करायला म्हणून उतरल्या, आणि आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. पिकअपवाल्याने फडक्यातून ग्लाइडबेट काढला. हाताने रंगवलेला, दहा इंची, पाठीवर हिरवट सोनेरी झाक. माझा हात पुढे झाला, पण त्यांचा आधी पोहोचला.

त्यांनी पोटावरच्या ओरखड्यावरून नख फिरवलं. सांधा दोन्ही बाजूंना हलवला, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला. मग ग्लाइडबेट पिकअपच्या फळीवर ठेवून त्या समोरच्या ओक झाडाकडे बघायला लागल्या.

“काय झालं?” त्याने मला विचारलं.

“आई, काय झालं?”

“ढिला आहे. राहू दे म्हणावं. देवळातला प्रसाद खाऊ आणि घरी जाऊ.”

मी जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. तो म्हणाला, सांधा तसाच असायला हवा, त्यानेच तर मासा डोलतो. खरं होतं ते. मलाही पटलं. पण सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे पटायचा प्रश्न नव्हता. झाड फारच बघण्यासारखं असावं. जरा वेळाने तो म्हणाला, “बरं, चाळीस राहू देत.” झाड. “सुट्या शेपट्यांची जोडी देतो.” सासूबाईंनी मान थोडी वळवली, माझ्या हातातलं रील घेतलं, हँडल गर्रकन फिरवून त्याला ऐकवलं आणि मला म्हणाल्या, “हे एवढं छान फिरतंय, फुकट देताय होय?” याचं भाषांतर मी केलं नाही. केवळ सुरावरून त्याने गळांचं एक न उघडलेलं पाकीट वर ठेवलं.

सौदा झाला. सासूबाई एकदम मायाळू झाल्या. पिशवीत हात घालून त्यांनी प्रसादाचं केळं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

आता, बोटीवर केळं नेऊ नये ही इथल्या मच्छीमारांची समजूत भलतीच कडक आहे. केळं आलं की मासा गेला. काही जण तर डब्यात आहे का म्हणून पाहुण्यांच्या पिशव्या तपासतात. त्याच्या पिकअपमागे बोट जोडलेली होती आणि समोर साठीची बाई हात जोडून उभी. नाही कसं म्हणणार? त्याने केळं तिथेच, उभ्याउभ्या, तीन घासांत संपवलं, साल लांबच्या पिंपात टाकून आला आणि पँटीला हात दोनदा पुसले.

संध्याकाळी त्याचा निरोप आला. दिवसभरात एकही मासा लागला नव्हता. खाली लिहिलं होतं: आठ फुटी रॉड आहे माझ्याकडे, बघायचा असेल तर या. एकटे या.