अर्ध्या ग्रॅमसाठी कोण वाकणार?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, वॉटर पार्कच्या तिकिटांवरची सवलत. दुसरी, त्याच पार्कवर चिडलेला एखादा फॉरवर्ड. यंदा दुसरा प्रकार आमच्या दाजींनी टाकला. नंतर तो मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणजे बराच गावभर हिंडून आलेला असावा. मजकूर थोडक्यात असा:

"थीम पार्कवाल्यांची नवी नाटकं! थंड्याच्या कपाला झाकण नाही, स्ट्रॉ नाही. मागितली तर कागदाची, पाच मिनिटांत लगदा. समुद्रातल्या प्लास्टिकमध्ये स्ट्रॉ फक्त 0.025 टक्के! अमेरिकेत रोज 50 कोटी स्ट्रॉ लागतात हा आकडा तर नऊ वर्षांच्या पोरानं काढलेला. सोलापूरला समुद्र कुठाय? प्लास्टिक रिसायकल होतं, कागदी स्ट्रॉतच विष असतं. अमेरिकेनं प्लास्टिकची स्ट्रॉ परत आणली. डिस्नेनं पैसे वाचवायला हे खूळ काढलं आणि आपले लोक नक्कल करतात. पुढे पाठवा."

दाजी, पुढे पाठवायच्या आधी जरा थांबा. सोलापूर शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कमध्ये मी तीन हंगाम कॅन्टीन चालवलंय. पहिल्या हंगामात स्ट्रॉ आणि झाकण दोन्ही सर्रास द्यायचो, पुढच्या दोन हंगामांत प्लास्टिकची स्ट्रॉ आणि झाकण दोन्ही बंद केलं. तेव्हा या विषयात माझे हात चिकट झालेले आहेत, अक्षरशः.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. 0.025 टक्के हा आकडा हवेतला नाही. दरवर्षी समुद्रात जाणारं प्लास्टिक 80 लाख टनांच्या घरात धरतात आणि त्यात स्ट्रॉचं वजन साधारण दोन हजार टन. भागाकार बरोबर येतो. 50 कोटींची गोष्टही खरी आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका नऊ वर्षांच्या मुलानं स्ट्रॉ बनवणाऱ्या कंपन्यांना फोन लावून तो अंदाज बांधला आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी तो न तपासता छापला. बंदीच्या बाजूच्या लोकांनी इतका कच्चा आकडा इतकी वर्षं मिरवायला नको होता. पण पोराचा आकडा चुकला म्हणून गटारातली स्ट्रॉ निघून जात नाही. पक्का आकडा हवा असेल तर डिस्नेचा घ्या. जुलै 2018 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की 2019 च्या मध्यापर्यंत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि ढवळायच्या काड्या आपण बंद करणार, आणि त्यामुळे वर्षाला 17 कोटी 50 लाखांहून जास्त स्ट्रॉ आणि 1 कोटी 30 लाख काड्या कमी होतील. हा आकडा माल विकत घेणाऱ्यानं स्वतः दिलेला आहे.

आता वजनाचं. एक स्ट्रॉ सुमारे 0.4 ग्रॅमची. म्हणजे डिस्नेच्या त्या साडेसतरा कोटींचं वजन 70 टन, फार तर सात-आठ ट्रक माल. बघा, मीच तुमच्या बाजूनं गणित करून दिलं. टक्केवारी वजनात मोजली की स्ट्रॉ नेहमीच हरणार. पण स्ट्रॉचा सगळा त्रास तिच्या हलकेपणातच आहे, आणि हे मला आकड्यांनी नाही, भंगारवाल्यानं शिकवलं.

पहिल्या हंगामात मी मोठ्या हौसेनं दोन गोण्या ठेवल्या होत्या. एकीत पाण्याच्या बाटल्या, दुसरीत स्ट्रॉ आणि झाकणं. भंगारवाला आला, बाटल्यांची गोणी काट्यावर टाकली, पैसे दिले. दुसरी गोणी उघडून बघितली आणि म्हणाला, "हे काय बे? हे कोण घेणार?" मी म्हटलं, प्लास्टिकच आहे की. त्यानं मग मला उभ्या-उभ्या धडा दिला. स्ट्रॉ पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची. माझ्याकडची पातळ, चुरचुरीत झाकणं पॉलिस्टायरीन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची. दोन्ही एकत्र वितळवली तर ना धड हे, ना धड ते. वेगळं करायचं तर मजुरी मालापेक्षा जास्त. त्यात सगळं सरबतानं चिकट, माती लागलेलं. गोणी माझ्याकडेच राहिली आणि शेवटी घंटागाडीत गेली.

"रिसायकल होतं" या वाक्याचा खरा अर्थ त्या दिवशी कळला. प्रयोगशाळेत होत असेल. आपल्याकडे रिसायकलिंग जगतं ते कचरा वेचणाऱ्या बायकांच्या कमरेवर, आणि त्यांना पैसे किलोवर मिळतात. लिटरभर पाण्याची रिकामी बाटली वीसेक ग्रॅमची धरली तर पन्नास बाटल्यांत किलो भरतो. स्ट्रॉचा किलो भरायला अडीच हजार वेळा वाकावं लागेल. कोण वाकणार? कुणीच वाकत नाही, म्हणून बाटली रस्त्यावर तासभरही टिकत नाही आणि स्ट्रॉ पावसाळ्यापर्यंत पडून असते.

यंत्रानं निवडा म्हणाल, तर यंत्राच्या चाळणीतूनही ती खाली पडते. तुळजापूर रस्त्यावर कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला, त्याचं नाव काही जण या वादात घेतात. तो ओला कचरा कुजवून त्याच्या वायूवर वीज करण्यासाठी आहे. स्ट्रॉ कुजत नाही. तिथं ती फक्त निवडून बाजूला काढायची आणखी एक कटकट.

झाकणाबद्दल फॉरवर्डमध्ये एकच ओळ आहे, पण कॅन्टीनवाला म्हणून सांगतो, खरा गुन्हेगार तेच. झाकणाच्या मधोमध ती फुलीसारखी चीर असते ना, तिच्यामुळे स्ट्रॉ लागते. झाकण काढा, माणूस ओठाला कप लावून पितो. झाकण द्या, स्ट्रॉ द्यावीच लागते. मी फक्त स्ट्रॉ बंद करून झाकण चालू ठेवलं होतं तेव्हा आठ दिवस लोकांच्या शिव्या खाल्ल्या. दोन्ही बंद केलं तर तक्रारी दोन दिवसांत थंडावल्या. कप काठोकाठ भरायचा नाही, एवढीच अक्कल लागली.

आणि वॉटर पार्कात झाकण काय करतं ते बघायचं असेल तर संध्याकाळी पंपाच्या खोलीत या. तलावाच्या कडेनं पाणी ओघळून जायला जाळीची पन्हळ असते. चपटं झाकण पाण्याच्या ओढीनं त्या जाळीवर असं बसतं की तव्यावर झाकण ठेवल्यासारखं. चार-पाच झाकणं बसली की तेवढ्या भागातून पाणी फिरायचं थांबतं. स्ट्रॉ आडवी गेली तर जाळीवर अडते, उभी गेली तर पंपाच्या गाळणीत. केसांचे गुंते, लहान मुलांच्या जखमेच्या पट्ट्या आणि स्ट्रॉ, असा रोजचा प्रसाद. तिथला पंप बघणारा माणूस माझ्याशी महिनाभर धड बोलत नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं.

"सोलापूरला समुद्र कुठाय?" हा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण भूगोलाचं पुस्तक बंद करून आपल्याला चाळीस वर्षं झाली. आपल्या बाजूचं पाणी सीनेत जातं. सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. (जिथं शके 940 चा मराठी शिलालेख आहे तेच कुडल. गेला नसाल तर जा, पण पाण्याची बाटली परत आणा.) भीमा रायचूरकडे कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. समुद्र आहे, फक्त रत्नागिरीच्या दिशेला नाही.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर होम मैदानावरची स्ट्रॉ बंगालच्या उपसागरापर्यंत पोचेल असं मला वाटत नाही. वाटेत धरणं आहेत: जुराळा आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. त्याच्याही आधी आपला नाला आहे. ती तिथंच राहते, आपल्यापाशी. मोकाट जनावरं गोड चिकटा लागलेली झाकणं चघळताना कुठल्याही उकिरड्यावर दिसतात. कासवाच्या नाकातल्या स्ट्रॉचा व्हिडिओ पाहून हळहळणाऱ्यांना ही गाय दिसत नाही, हे मात्र फॉरवर्डवाल्याच्या बाजूनं बोललं पाहिजे.

यातूनच डिस्नेच्या मुद्द्याकडे येतो, कारण तिथं फॉरवर्डनं सगळ्यात मोठी गल्लत केली आहे. फ्लोरिडात डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम नावाचं पार्क आहे. ते उघडलं 22 एप्रिल 1998 ला. पहिल्या दिवसापासून तिथं प्लास्टिकची स्ट्रॉ मिळालेली नाही. थंड पेयाच्या कपाला प्लास्टिकचं झाकण नाही, फुगे नाहीत. कासवाचा तो व्हिडिओ 2015 चा, कोस्टारिकाच्या किनाऱ्यावरचा. म्हणजे पार्कनं निर्णय घेतला तेव्हा समुद्राची मोहीम, टक्केवारी, नऊ वर्षांचं पोर, यातलं काहीच नव्हतं. कारण साधं होतं: आवारात जिवंत जनावरं आहेत. हलकी वस्तू वाऱ्यानं उडते, कुंपणापलीकडे पडते, जनावर ती गिळतं. थोडक्यात, डिस्नेला समुद्राची नाही, आपल्या अंगणातल्या जनावराची काळजी होती. सोलापूरकरांनी नक्कल करायचीच तर या कारणाची करायला काय हरकत आहे?

पैसे वाचवायचं म्हणाल तर अर्धं खरं. झाकणाचे पैसे वाचतात, माझेही वाचले. पण कागदी स्ट्रॉ मला प्लास्टिकच्या तिपटीहून महाग पडली. नुसते पैसे वाचवायचे असते तर मी कागदी ठेवलीच नसती.

कागदी स्ट्रॉतल्या विषाची बातमी खरी आहे, फक्त ती अर्ध्यावर कापून पाठवली आहे. 2023 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी 39 ब्रँडच्या स्ट्रॉ तपासल्या. पाण्याला न भिजणारी, निसर्गात वर्षानुवर्षं न विरणारी पीएफएएस नावाची रसायनं कागदाच्या 20 पैकी 18 ब्रँडमध्ये सापडली. इथंच फॉरवर्ड संपतो. पुढचं असं की प्लास्टिकच्या चारपैकी तिनांतही ती होती, आणि स्टीलच्या पाचही ब्रँडमध्ये अजिबात नव्हती. प्रमाण फार कमी असल्याचंही त्यांनीच सांगितलं. यातून प्लास्टिक चांगलं कसं ठरतं ते मला कळलेलं नाही. कागदी स्ट्रॉ भिकार असते यावर मात्र आपलं एकमत. कोल्ड कॉफीत ती खरंच लगदा होते.

आणखी एक प्रकार मिळतो, 'मक्याची स्ट्रॉ' म्हणून. दिसायला हुबेहूब प्लास्टिक. ती पीएलए नावाच्या पदार्थाची, आणि नीट कुजायला तिला खतकारखान्यातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. आपला मे महिनासुद्धा तिला कमी पडतो, आणि सोलापूरच्या मे महिन्याला कमी लेखणारी गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली.

अमेरिकेचं दोन वाक्यांत. फेब्रुवारी 2025 चा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा तो आदेश मुख्यतः तिथल्या केंद्र सरकारी कार्यालयांची कागदी स्ट्रॉ खरेदी बंद करण्याबद्दल आहे. खासगी पार्कांना तो लागू नाही. आणि तो लागू असता तरी सोलापूर महापालिकेच्या हद्दीत त्याचा काय संबंध?

इथं लागू आहे तो आपला कायदा, आणि फॉरवर्डला त्याची आठवणही नाही. राज्याची बंदी 23 मार्च 2018 ची: पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. देशभरात प्लास्टिकची स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून बंद. त्या वेळी अमूल, पार्ले अ‍ॅग्रो, डाबर यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांनी छोट्या खोक्यांना चिकटवलेल्या स्ट्रॉसाठी मुदत मागितली, ती मिळाली नाही. म्हणजे पार्कवाले नाटकं करत नाहीत, उशिरा का होईना कायदा पाळतात. माझा पहिला हंगाम 2022 चा उन्हाळा. देशाची बंदी यायची होती, राज्याची लागू होती आणि मी ती बिनदिक्कत मोडत होतो. झाकणाचं नाव मात्र केंद्राच्या त्या यादीत वेगळं घेतलेलं नाही. कप, ग्लास, स्ट्रॉ, ढवळायची काडी सगळं आहे, झाकण नाही. ज्यानं यादी केली त्यानं कॅन्टीन चालवलेलं नसावं.

"एकट्या पार्कनं काय होतंय" असाही सूर त्या मजकुरात आहे. उलट पार्कातच होतं. भिंत आहे, एकच फाटक आहे, आत विकायला मोजकी दुकानं आहेत. एका माणसानं ठरवलं की दुसऱ्या दिवसापासून बंद. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, हे इतकं सोपं नाही. तिथं शेकडो गाडे, चारी बाजूंनी वाट. आमच्या लहानपणी थीम पार्क म्हणजे गड्डाच होता, आणि पाळण्यातून उतरून चक्कर आली की गोटी सोडा प्यायचो. जाड काचेची बाटली, तोंडाला काचेची गोटी, ना स्ट्रॉ ना झाकण. पिऊन झालं की बाटली गाडीवाल्याच्या हातात, नाहीतर तो हात धरायचा.

एक मुद्दा मात्र फॉरवर्डनं मांडायला हवा होता आणि मांडला नाही. ज्यांना स्ट्रॉ लागतेच अशी माणसं आहेत. आमच्या आत्याला अर्धांगवायूनंतर कप धरता येत नाही, हात थरथरतो. इंग्लंडनं ऑक्टोबर 2020 मध्ये बंदी आणली तेव्हा अशा लोकांसाठी वाट ठेवली होती. मी स्ट्रॉ बंद केली तेव्हा माझ्याकडे अशी काही सोय नव्हती. एका आजोबांना चमच्यानं सरबत पाजताना त्यांची सून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती अजून आठवते.

दाजींना हे सगळं पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि विचारलं, रविवारी पार्कला येताय का. येतोय. आत्याची स्टीलची स्ट्रॉ आणि ती घासायचा बारीक ब्रश माझ्या पिशवीत असेल. झाकण कुणी मागायचं नाही.